वर्धेचं सासर

फिरायला जाणं म्हणजे जागा उरकणं, हे माझ्या मोठ्या भावाला कोणी शिकवलं, देव जाणे. आंध्रच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात पोचलो तेव्हा त्याच्या मोबाइलवर सगळे ‘पॉइंट’ लावून तयार होते. बाबा कापूसवेचणीमुळे घरीच राहिले होते. यवतमाळहून निघतानाच दादा मला म्हणाला होता, ‘‘आईले मी नेतो ना. तू आता तुह्या घरची, तू कायले येतं?’’ आईनं हट्ट धरला म्हणून मी आले, आणि रेल्वेत मुद्दाम त्याची खिडकी बळकावली.

आईला मात्र एकच गोष्ट पाहायची होती. तिचं आयुष्य वर्धा नदीच्या काठी गेलं. आमच्या गावात नदी दुथडी भरून आली की बायका तिची ओटी भरतात. नदी म्हणजे गावची लेक, सासरी निघालेली. आईनं वर्षानुवर्षं ओटी भरली, पण ते सासर काही पाहिलं नव्हतं. वर्धेचं पाणी शेवटी गोदावरीतून जातं आणि गोदावरी या गावाजवळ समुद्राला मिळते, हे नातीनं शाळेच्या नकाशात दाखवलं आणि आईनं धोशा लावला. ‘‘पोरगी दिली तं तिचं घर पाहाले नको?’’

दादानं समुद्र दाखवला तो गाडीतूनच. आई उतरते म्हणाली, तर म्हणे, ‘‘वाळू भरते गाडीत, ड्रायव्हर बोंबलते.’’ मग दीपगृहापाशी फोटो, बाजारात काजू, पुन्हा गाडी. माझं डोकंच फिरलं. समुद्र काचेतूनच पाहायचा होता तर घरचा टीव्ही काय वाईट होता?

खारफुटीच्या जंगलात तर मला लाज वाटली. चिखलातून मुळं वर आलेली, त्यांच्यात लाल खेकडे, आणि मधून लाकडी पायवाट. इथं पाणमांजरं दिसतात म्हणे. दिसतील कशी? पुढच्या टोळक्यानं स्पीकर लावलेला, मागचे चिप्सची पाकिटं खाली भिरकावत होते, आणि आमचे बंधुराज कठड्यावर वाकून शिट्ट्या मारत होते. टिपेश्वरला वाघ पाहायला गेलो तेव्हाही त्यानं हेच केलं होतं. तेव्हा वाघ दिसला नाही म्हणून चिडलाही तोच.

पायवाट संपते तिथं खाडी आणि बोटीच्या पायऱ्या. आईनं पिशवीतून ओटी काढली आणि पहारेकरी धावत आला. ‘‘अम्मा, कपड़ा, चूड़ी पानी में नहीं डालना.’’ नियम बरोबर होता, हे मला आजही मान्य आहे. पण डोळ्यांदेखत पडणाऱ्या पाकिटांना कोणी हटकत नव्हतं! मी माझ्या यवतमाळी हिंदीत त्याला चांगलं फैलावर घेतलं.

‘‘राहू दे वो,’’ आई म्हणाली. खण आणि बांगड्या तिनं बाजूला ठेवल्या. घरून आणलेल्या पळसाच्या द्रोणात तांदूळ, हळदकुंकू आणि आमच्याच शेतातल्या कापसाचं वस्त्र, एवढंच ठेवलं. पहारेकऱ्यानं मान हलवली.

‘‘टाक लवकर, बोट सुटून राह्यली,’’ दादा वरून ओरडला.

आईनं द्रोण सोडला आणि आम्ही सगळे समुद्राकडे पाहू लागलो. आमच्या मुलखात पाण्याला एकच दिशा ठाऊक. द्रोण क्षणभर जागीच घुटमळला, गर्रकन फिरला आणि उलटा, जमिनीकडे निघाला.

‘‘पाह्य, समुद्रानं घेतलीच नाही तुही ओटी,’’ दादा हसला.

त्याला तिथंच पाण्यात ढकलावंसं वाटलं मला. भरती लागली आहे, पाणी आता आत चढणार, असं पहारेकरी सांगत होता. आईचं लक्ष नव्हतं. द्रोण वळणाआड जाईपर्यंत ती पाहत राहिली. ती आता रडते की काय, या धास्तीनं मी तिचा हात धरला.

ती वळली ती दादाकडे.

‘‘घेतली नाही कशी? ओटी घेऊन माहेरी निघाली वर्धा. हा येवढा समुद्र, पण पोरीले रोज माहेरी धाडते. अन् तू? बहिणीले दिवाळीले तरी बोलावलं का कधी?’’

दादानं मोबाइल खिशात घातला. बोट सुटून गेली होती. पुढचे सगळे पॉइंट राहिले.

मग आईनं मला पदर पसरायला लावला आणि तिथंच, त्या ओल्या पायऱ्यांवर, उरलेला खण आणि बांगड्या माझ्या ओटीत घातल्या.