डाव्या पायाचा खर्ज

चौलला, वाडीतल्या एका बंगल्यात मी दिवसभर एका म्हाताऱ्या काकांची देखभाल करायचे. तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलांत ऑर्गन वाजवायचे. नाश्ता झाला की रोज एकच रेकॉर्ड लावायला सांगत. कुणा अमेरिकन ऑर्गनवाल्याची, सोल जॅझची. सोबतीला गिटार आणि ड्रम, बस्स.

"खर्ज वाजवायला यात वेगळा माणूस नाही," काका सांगत. "हा पठ्ठ्या तो डाव्या पायानं वाजवतो."

आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचाही डावा पाय फरशीवर चालू होई, नसलेल्या पट्ट्या दाबत. मला त्या संगीतातलं काही कळत नव्हतं. मी पायच बघायचे.

एका सोमवारी ते म्हणाले, "आज रेकॉर्ड मागे पडतेय."

रेकॉर्ड नीट चालली होती. पाय मागे पडत होता.

"काका, काकूंना सांगू का?"

"अजिबात नको. मुलाकडे मुंबईला नेतील, परत आणायचे नाहीत."

मी गप्प बसले. मंगळवारी त्या पायातली चप्पल गळून पडली, त्यांना कळलंसुद्धा नाही. बुधवारी मात्र पाय अगदी ठेक्यात चालला आणि मला हायसं वाटलं.

गुरुवारी तो हललाच नाही. काका डोळे मिटून मान डोलवत होते.

"बघ, कसा चाललाय पाय!" जीभ जड झाली होती. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा ओघळून सदऱ्यावर आला होता.

मी काकूंना ओरडून बोलावलं. गाडी काढून काकांना अलिबागला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "सुरुवात कधी झाली?"

"आत्ताच, तासाभरापूर्वी," काकू म्हणाल्या.

"सोमवारपासून," मी म्हणाले.

डॉक्टरांचं पेन थांबलं. बाहेर बाकावर बसल्यावर काकूंनी विचारलं, "तू सोमवारीच पाहिलं होतंस?"

"व्हय."

त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि माझ्यापासून जराशा दूर सरकल्या.

त्याच दिवशी मुलगा आला आणि काकांना अॅम्ब्युलन्सनं मुंबईला घेऊन गेला. काका वाचले, पण डावं अंग गेलं ते गेलंच, असं नंतर वाडीतल्या माळ्यानं सांगितलं. ते परत आले नाहीत. काकूंचा फोन आला नाही, माझीही करायची छाती झाली नाही.

हल्ली मी रेवदंड्याला एका आजींकडे जाते. त्यांना टीव्ही लागतो. मालिका चालू असते तेवढा वेळ मी त्यांच्या तोंडाकडे बघत असते.