तिसरं पातं

केसरीनाथ मेस्त्रींचा डावा डोळा गेला तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. भिवंडीत तेव्हा सगळे धोट्याचे लूम. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे फेकायला लूमच्या दोन्ही बाजूंना एकेक लाकडी काठी असते आणि त्या दोघी मिळून मिनिटाला शंभरावर ठोकरा मारतात. मेस्त्री त्या काठ्या बनवायचे. एका दुपारी स्वतःच बसवलेल्या काठीतून त्यांनी 'टक्' असा बारीक आवाज ऐकला. शिफ्ट संपायला तासच उरला होता, म्हणून लूम चालू ठेवला. वीस मिनिटांत काठी फाटली, धोटा उडाला आणि त्याचं टोक डोळ्यात बसलं.

हे ते कुणालाही सांगतात. मला पहिल्याच भेटीत सांगितलं, कारण मी विचारलं नसलं तरी माझी नजर सारखी तिकडे जात होती.

"काठी माझीच व्हती ताई," ते म्हणाले. "दुसऱ्याची असती तर शिव्या तरी घातल्या असत्या."

आता ते सदुसष्ट वर्षांचे आहेत. धोट्याचे लूम भंगारात चालले, तशा काठ्याही बंद झाल्या. अंजूरला घरामागच्या शेडमध्ये ते वडप्याच्या गोदामांसाठी लाकडी पॅलेट ठोकतात. माझे वडील एका लूमच्या कारखान्यात मेहता, म्हणजे हिशेबनीस होते, त्यांच्या तोंडी मेस्त्रींचं नाव असायचं. लाकडाला न दुखवता वाकवणारा माणूस, असं ते म्हणायचे. म्हणून मी माझ्या मुलीला, तनयाला, घेऊन त्यांच्याकडे गेले.

तनया पंधरा वर्षांची आहे आणि धनुर्विद्या शिकते. मैदानावर हलकं धनुष्य एकच, आणि त्यावर नऊ मुली. सरांनी सांगितलं होतं की निवड चाचणीला बसायचं तर स्वतःचं आणा. तयार धनुष्य आमच्या आवाक्यातलं नव्हतं. तनयाने मोबाइलवर मेस्त्रींना टेकडाउन रिकर्व्ह दाखवलं: मध्ये मुठीचा दांडा, वर-खाली बोल्टने बसणारी दोन पाती आणि पात्यांची टोकं पुढे वळलेली. तीन तुकडे सुटे केले की दप्तराशेजारी रिक्षात मावतं, आणि एक पातं गेलं तर बाकीचं टाकावं लागत नाही.

मेस्त्रींनी मोबाइल एका डोळ्याजवळ धरून बराच वेळ पाहिलं. "ही तर काठीच हाय. फक्त दोन तोंडांची."

"माझी एकच अट आहे," मी म्हटलं. "दोरी ओढली की ती हिच्या हनुवटीला टेकते. तेव्हा हे फुटता कामा नये."

"फुटंल तर माज्या हातात फुटंल, तिच्या न्हाय."

त्यांच्या बायको हौसाताई दारात तांदूळ निवडत होत्या. "करा, करा. मोरीचा दार दोन वर्षं लटकताय, तो न्हाय दिसत त्या डोल्याला. धनुष्य बरोबर दिसला."

"मोरीच्या दाराला कोन स्पर्धेला पाठवतो?" मेस्त्री म्हणाले.

काम गणपतीनंतर सुरू झालं. मुठीला शिसवीचा जुना तुकडा निघाला. पात्यांसाठी बांबूच्या पातळ पट्ट्या रंधून एकावर एक ठेवायच्या, दोन्ही अंगांना फायबरचं कापड लावायचं आणि मध्ये इपॉक्सी. कापड आणि इपॉक्सी दिलं खाडीवर होड्यांना फायबर लावणाऱ्या बाळारामने. ते ओलं पातं लाकडी साच्यावर दाबून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी टोकापासून टोकापर्यंत आवळून गुंडाळायचं आणि बल्ब लावलेल्या पत्र्याच्या पेटीत रात्रभर गरम ठेवायचं. दर शनिवारी मी आणि तनया रिक्षाने अंजूरला जायचो. मला नुसतं बसवत नाही. पहिल्या जोडीच्या वेळी एका पात्याच्या बोल्टकडच्या टोकाची पट्टी मीच गुंडाळली.

पहिली जोडी बसवली आणि धनुष्य एका बाजूला झुकलं. खालचं पातं ताठ होतं. मेस्त्री खजील झाले. लूमची प्रत्येक काठी आपल्या जागी एकटी काम करते, ती मजबूत असली की झालं. शेजारणीशी तिचं जमलं पाहिजे, असं चाळीस वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी गणिताच्या शिकवण्या घेते. भिंतीवर आलेख-कागद चिकटवला, सुताची रिळं तोलायचा स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवला आणि दोरी दोन-दोन इंच ओढून दोन्ही पाती किती वाकतात ते लिहू लागले. मेस्त्री ताठ पात्याच्या कडा पॉलिश पेपरने थोड्या घासायचे, मी पुन्हा मोजायचे. तीन शनिवारांनी दोन्ही रेघा एकमेकींवर आल्या. शेवटच्या ओढीला काटा दहा किलोवर थांबला, तनयाला हवा होता तेवढाच.

"झालं ना काका?" तनयाने विचारलं. तालुक्याची निवड चाचणी त्या रविवारी होती. तो गुरुवार होता, दिवाळीची सुट्टी होती.

"न्हाय. आता हजार येला ओढाचा."

धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला लटकवलं, दोरी कप्पीवरून घेतली आणि मेस्त्री जुन्या दाराच्या फळीआड उभे राहून ओढू लागले. तनया मोठ्याने मोजत होती. पाचशेला हौसाताईंनी चहा दिला. "कपडे वाळत घालाची दोरी आनून द्या म्हनलं तर खांदा दुखतो," त्या म्हणाल्या, "आन हितं बघा."

सातशे त्रेचाळीसला मेस्त्री थांबले.

"आयकला?"

आम्ही कुणीच काही ऐकलं नव्हतं. त्यांनी टॉर्च घेऊन वरच्या पात्यावरून बोट फिरवलं. चरा नव्हता, फुगवटा नव्हता. मी पुन्हा मोजलं. आकडे शनिवारचेच. तनयाचा चेहरा मला पाहवेना. नऊ महिने ती दुसऱ्या मुलींचे बाण संपायची वाट बघत उभी राहिली होती.

आणि मी, जिने अट घातली होती ती मी, म्हणाले, "मेस्त्री, आकडे तेच आहेत. रविवारपुरतं चालेल."

हौसाताईंचा सुपातला हात थांबला. मेस्त्रींनी पाना उचलला. बोल्ट सोडला, वरचं पातं काढलं, शिकंज्यात आवळलं आणि करवत घेतली.

"काका, नको!" तनया ओरडली.

त्यांनी कापलं. टोकाकडचा बोटभर तुकडा खाली पडला. तो उचलून मी पाहिला. थर एकमेकांना घट्ट धरून होते, कुठे केसाएवढीही फट नव्हती. तनया उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. तिच्या पाठीकडे बघताना माझा तोल गेला.

"नुसत्या संशयावर कापलंत," मी म्हटलं. "आता झालं समाधान?"

"न्हाय झाला."

दुसरा तुकडा. तिसरा. प्रत्येक तुकडा ते डोळ्याजवळ नेत होते आणि ओळीत ठेवत होते. पाचवाही चांगलाच निघाला. मला वाटलं, हा माणूस आता स्वतःला खरं ठरवण्यासाठी अख्खं पातं संपवणार. दहाव्या तुकड्यावर, बोल्टच्या अगदी जवळ, ते थांबले आणि तुकडा माझ्या हातात दिला. वरचं फायबर आणि बांबू यांच्यामध्ये माझं नख शिरलं. आत इपॉक्सी कोरडं, पांढुरकं होतं.

"हितं ट्यूब ढिली राहिली," ते म्हणाले.

पात्यावर पेन्सिलने घातलेला आकडा मी ओळखला. ते टोक मी गुंडाळलं होतं. त्यांनाही ते माहीत होतं.

"मंग गुंडालताना तुमी कुठं बघत व्हता?" हौसाताईंनी नवऱ्याला विचारलं.

"तीच चूक माझी. बघाला पायजे व्हता."

मी ओट्यावर गेले आणि तनयाला तुकडा दाखवला. तिनेही नख घालून पाहिलं. मग मी तिच्यासमोरच सरांना फोन केला आणि रविवारच्या यादीतून नाव काढायला सांगितलं. आम्ही परत निघालो. रिक्षा भिवंडीत शिरली. नाक्यावर अडकली तेव्हा तनया म्हणाली, "पुढची चाचणी कधी?"

"फेब्रुवारीत."

"मग मी उद्या सकाळीच अंजूरला जाणार. तुला यायचं तर ये."

मी गेले. मेस्त्रींनी बांबूच्या पट्ट्या काढून ठेवल्या होत्या, पण त्या तीन पात्यांच्या होत्या. मी म्हटलं, जुनं खालचं पातं बाद केलं तरी जोडीला दोनच लागतात.

"दोन बसवाची, यक कापाची. यकाच दिवशी, यकाच भांड्यातल्या इपॉक्सीनी तिनी कराची."

"आणि कापलेलं चांगलं निघालं तरी बाकीच्या दोघांचं काय सांगता येतं?"

"म्हनून तर त्यांना हजार."

मग त्यांनी ट्यूबची पट्टी माझ्याच हातात दिली. मला वाटलं होतं, आता हे काम मला देणार नाहीत. मी टोकाला सुरुवात केली. ते शेजारी स्टुलावर बसले आणि प्रत्येक वेढ्याला अंगठ्याने दाबून बघत राहिले. दोनदा मला सोडून पुन्हा आवळायला लावलं. बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होती. कुठलं पातं कापायचं ते तनयाने ठरवलं, मेस्त्रींनी अकरा तुकडे केले आणि अकराही तुकडे तिने स्वतः नखाने तपासले. एकातही नख शिरलं नाही. उरलेल्या दोन पात्यांनी हजार ओढी चार संध्याकाळांत पूर्ण केल्या.

फेब्रुवारीत तनयाने त्या धनुष्याने चाचणी दिली. चौदावी आली, निवड झाली नाही. रोज शाळेनंतर ती दोन तास बाण सोडते. मी मैदानाच्या कडेला असते. भीती गेलेली नाही. पहिल्या बाणाला अजून मान वळवावीशी वाटते, पण मी आता तिकडे बघते.

मैदानावरच्या आणखी दोन मुलींना तसं धनुष्य हवं आहे. सरांनी मेस्त्रींना फोन करून विचारलं की दोन धनुष्यांना चार महिने कशाला लागतात. मेस्त्री म्हणाले, "घाई असंल त्यानी बाजारातून आनावा. हितं पोरीच्या घरातला मानूस येऊन ट्यूब गुंडालंल आन मी बघीन."

दोघींच्याही आया आल्या. त्यांतली एक, मेघालीची आई, पट्टी आवळताना रडकुंडीला आली होती. मेस्त्रींनी तिला तिसऱ्यांदा सोडायला लावलं तेव्हा हौसाताई म्हणाल्या, "बाई, मी चालीस वर्षं भोगताय. तू गुंडाल." आता पेटीतून सहा पाती बाहेर आली आहेत. शनिवारी त्यांतली दोन कापायची आहेत. कुठली, ते मुली ठरवणार.