अस्सल स्टीलचं पातेलं

आमच्या लॅबमधलं तुटकं-फुटकं सामान वर्षातून एकदा भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कुणी नेत नाही, ते साचतच राहतात. आणि खरं सांगू? निम्म्याहून जास्त किश्श्यांत तोडणारा मीच!

झाशीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी मटेरियल्स शिकवतो. कुठला पदार्थ कडक, कुठला चिवट, कुठला ठिसूळ वगैरे. आमचे पूर्वज तलवार गाजवत इकडे आले म्हणे. माझ्या हातात मात्र घरचे कपबशीसुद्धा देत नाहीत!

हे किस्से नोकरी कच्ची होती तेव्हाचे. वर्षअखेर एकतर परमनंट, नाहीतर घरी. आईनं चिरगाँवच्या मावशीला सांगूनच टाकलं होतं, “हा एकदा परमनंट झाला की मुली बघायला लागू.”

*

पहिलंच लेक्चर. मी ऐटीत एक प्लॅस्टिकची प्लेट उचलली. “ये मटेरियल झटका सह लेता है, टूटता नहीं,” असं म्हणून सोडली खाली.

चार दिशांना तुकडे! मागून एक मुलगी अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, “सर, ये भी नोट करना है?”

*

आईला पातेलं हवं होतं, म्हणून सीपरी बाज़ारात गेलो. खिशात चुंबक होताच. दुकानातलं एकेक भांडं चुंबक लावून बघितलं आणि दुकानदाराचं डोकं खाल्लं. “भैयाजी, इस पर चुंबक चिपकता नहीं, मतलब अस्सल स्टील!”

विजयी वीरासारखा घरी आलो. आईनं पातेलं इंडक्शनच्या शेगडीवर ठेवलं. शेगडी नुसती पीं पीं करत बसली. ज्या भांड्याला चुंबक चिकटत नाही, ते त्या शेगडीवर तापतच नाही, हे मी दर वर्षी मुलांना शिकवतो!

“अस्सल आहे ना? मग ने तुझ्या लॅबमध्ये,” आई म्हणाली. नेलं. त्यात आम्ही तुटके नमुने टाकायला लागलो.

*

आमचे हेड सक्सेनाजी. माझी परमनंटची फाइल त्यांच्या टेबलावर उघडी होती. त्यांनी सहज विचारलं, “आजकल क्या पढ़ा रहे हो?”

“फटीग, सर. धातू को बार-बार मोड़ो तो कम ताकत में भी टूट जाता है.” बोलता बोलता मी टेबलावरचं काहीतरी उचलून वाकवत होतो. कट्! बघतो तर त्यांच्या चष्म्याची काडी.

“समझ गया,” सक्सेनाजी म्हणाले आणि फाइल मिटली. मी बाहेर येऊन कपाळावर हात मारला. गेली नोकरी!

*

आता शेवटची आशा म्हणजे इन्स्पेक्शन. बाहेरचे एक एक्सपर्ट येऊन माझं काम बघणार आणि सक्सेनाजींना सांगणार. इम्पॅक्ट टेस्ट दाखवायची होती. जड लोलक वरून सोडायचा, खाली बिडाची कांडी फटकन तुटते. चूक नको म्हणून सकाळपासून मी आणि लॅबचे तिवारीजी तालीम करत होतो.

एक्सपर्ट आले. “दिखाइए.”

तिवारीजी कानात म्हणाले, “सर, रिहर्सल में सब टूट गए!”

मी घाईघाईनं दोन तुकडे झटपट चिकटणाऱ्या गोंदानं जोडून मशीनवर ठेवले. लोलक सुटला. कांडी नुसत्या धक्क्यानं सुटी झाली, ताकद मोजणारा डायलचा काटा जेमतेम हलला.

“ये कौन-सा मटेरियल है?”

“कंपोझिट, सर! दो चीज़ें जोड़कर बना!”

त्यांनी तुकडा उचलून निरखला. मग खाली ठेवायला गेले. तुकडा सुटेना! बोटं चिकटलेली.

“गरम पानी लाओ!” सक्सेनाजी ओरडले. तिवारीजींनी घाबरून समोर दिसलं ते पातेलं भरलं आणि चहाच्या इंडक्शनवर ठेवलं. पीं पीं!

“पानी गरम क्यों नहीं हो रहा?” एक्सपर्टनी विचारलं.

आता लपवायला उरलंच काय होतं? स्टील, चुंबक, शेगडी, सगळं सांगितलं. आयुष्यात इतकं चांगलं लेक्चर मी दिलं नव्हतं. गार पाण्यात बोटं बुडवून एक्सपर्ट मन लावून ऐकत होते. दारात जमलेली मुलं नोट्स घेत होती.

अखेर बोटं सुटली. ती पुसत ते सक्सेनाजींना म्हणाले, “पढ़ाते बढ़िया हैं. परमनंट कर दीजिए. बस, किसी चीज़ को हाथ मत लगाने दीजिए.”

सक्सेनाजींनी फाइल उघडली आणि खिसे चाचपले. मी आनंदानं माझा पेन पुढे केला.

“आप रहने दीजिए!” तिघेही एकदम ओरडले.