भुजंगाचं पेव

राणीसावरगावात जळालेली मोटार घेऊन कुणी आलं, की लोक भुजंगाच्या दुकानाकडं बोट दाखवतात. तांब्याची तार भरून मेलेली मोटार जिती करण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारं कुणी नाही. पण नशिबाची गंमत बघा. ज्या माणसाचं सगळं पोट लाईटीवर, त्याच्याच डोक्यात एक किडा कायम वळवळायचा. एक दिवस ही लाईट जाणार, आणि गेली ती पुन्हा येणारच नाही!

किडा शिरला तो लॉकडाऊनात. दुकानाला कुलूप, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि पुण्या-मुंबईकडून पायी आलेली माणसं शाळेत निजलेली. त्यात दर दिवसाला नवी आवई. मीठ मिळणार नाही, तेल मिळणार नाही, रेशन बंद होणार. भुजंग ओसरीवर येऊन आईला म्हणाला, "माय, गावात अफवांचं पेव फुटलंय नुसतं."

धुरपताबाई वाती वळत बसली होती. वर न बघताच म्हणाली, "पेव फुटलंय म्हनं! पेव बघितलंस का कधी जन्मात?"

शब्द तर भुजंग लहानपणापासून वापरत होता, पण पेव म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. मग म्हातारीनं सांगितलं. जमिनीत रांजणासारखा खड्डा खणायचा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत जाळ करून भाजून काढायचा, शेणानं सारवायचा, कडब्याचं अस्तर द्यायचं, ज्वारी भरायची आणि वर फरशी ठेवून चिखलानं बुजवायचं. तिच्या माहेरी अख्ख्या दुष्काळात पेवातल्या ज्वारीवर घर जगलं होतं. ना वीज, ना औषधाच्या गोळ्या, ना पत्र्याची कोठी.

झालं! त्या दिवसापासून भुजंगाला दुसरं काही सुचेना.

जे जे म्हातारीला येत होतं ते ते त्यानं शिकायला घेतलं. गोवरीचा विस्तव राखेत झाकून सकाळपर्यंत कसा राखायचा, ते शिकला. माळ्यावरचं जातं खाली काढून त्याच्या गुळगुळीत दगडांना छिन्नीनं टाकी लावून घेतली. बांधावर अंबाडी लावली, ती नाल्यात भिजत घातली, सडल्यावर सोलून तिचा वाख, म्हणजे सालीचे तंतू, काढला आणि दोर वळायला बसला. पहिला दोर शेळीनं हिसका दिला तेव्हाच तुटला. दुसरा बरा झाला. पुढं पुढं त्याच्या हाताला असा पीळ बसला, की धुरपताबाईनंही दोर दोन्ही हातांनी ताणून बघितला आणि काही बोलली नाही. ती काही बोलली नाही म्हणजे पसंत पडला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

गावानं मात्र त्याला सोडलं नाही. त्याचं नावच पडलं ‘परलय भुजंग’. शेजारचा बन्सीधर पिठाची गिरणी चालवायचा. तो तर येता-जाता टोमणा मारायचा, "भुजंगराव, परलय कोनच्या वारी हाय? गिरनी तेवढी धुऊन ठिवतो."

घरात बायको रेणुका काही कमी नव्हती. सडक्या अंबाडीचा वास घरभर सुटला, तेव्हा ती पदर नाकाला लावून म्हणाली, "अवो, जग बुडंल तवा बुडंल. ह्या वासानं आमी आधीच मरायलाव की!"

तो हसायचा. पण खरं सांगायचं तर रेणुकेचं बोलणं त्याला लागायचं. गावानं वेडा म्हटलं तर म्हणो बापडं, तिनं म्हणू नये, असं त्याला वाटायचं.

औंदा ज्वारी घरात आली, आणि भुजंगानं अंगणात पेव खणायला काढलं. "काळ्या मातीत पेव टिकत न्हाई, पांढरीत खनावं," असं म्हातारी सांगायची, आणि घर गावठाणाच्या उंच पांढरीवरच होतं. अडीच पुरुष खोल खणलं. चार महिन्यांपुरती ज्वारी कोठीत ठेवून बाकी सगळी पेवात टाकायची, असं त्यानं ठरवलं, तेव्हा मात्र रेणुका कमरेला पदर खोचून पुढं आली.

"वर्षाचं खानं मातीत गाडायलाव?"

"नासनार न्हाई. माय सांगायलीय ना."

"आत्याबाईच्या माहेरची गोष्ट झाली ती. हे बघा, ही ज्वारी जर नासली, तर ह्या घरात तुमचं एक बी ऐकनार न्हाई मी. जातं, दोर, समदं नाल्यात फेकीन. आन् तुमी गुमान दुकानात बसायचं. हाय कबूल?"

"कबूल," भुजंग म्हणाला. ज्वारीनं पेव निम्मंच भरलं. वरचं निम्मं रिकामं राहिलं. तोंडावर फरशी ठेवून त्यानं चिखल लिंपला.

मग भादवा आला, आणि आभाळ फाटलं. पाऊस थांबायचं नावच घेईना. नाल्यावरचा पूल पाण्याखाली गेला, एसटी बंद, डीपी जळाली, मोबाइल मुके झाले. बन्सीधरची गिरणी बंद पडली. गाव भुजंगाच्या ओसरीवर जात्यासाठी रांग लावायला लागलं, आणि ‘परलय’ म्हणणारी तोंडं दळता दळता गप्प बसली. भुजंगाच्या मनात मात्र आनंदाचा लवलेश नव्हता. कोठीचा तळ दिसायला लागला होता आणि अंगणात, त्या फरशीवरून, पाण्याचे लोट वाहून गेले होते. त्याला घास गिळवेना. रेणुका ताट वाढताना नुसती अंगणाकडं बघायची. तिनं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

एकदाची उघडीप मिळाली. भुजंगानं चिखल खरवडला. बातमी कळताच अर्धी आळी अंगणात जमली, बन्सीधर सगळ्यांच्या पुढं. फरशी सरकवली तशी आंबूस, गरम वाफ तोंडावर आली.

धुरपताबाईचे गुडघे धरलेले, ती ओसरीवरूनच ओरडली, "आज ऱ्हाऊ दे रं! उघडं ठिव. उद्या दिवा सोड, दिवा तेवला तर उतर!"

पण भुजंगाला उद्यापर्यंत दम कुठला? कंदिलात रॉकेल नव्हतं, रेशनवर ते मिळायचं बंद होऊन जमाना झाला. त्यानं दुकानातली मोठी बॅटरी सुतळीला बांधून आत सोडली. पांढरा लख्ख उजेड पडला, आणि खाली ज्वारी चमकली. सुकी दिसत होती!

"दिवा सोडलास का?" म्हातारीनं विचारलं.

"सोडला, माय! लख्ख उजेड हाय खाली."

"मग कंबरंला दोर बांध. आन् आत बोलत ऱ्हा. पेवातला मानूस मुका ऱ्हाऊ नी."

आईचं मन राखायला त्यानं स्वतःच वळलेला अंबाडीचा दोर काखेखालून बांधला, दुसरं टोक बन्सीधरच्या हातात दिलं आणि आत उतरला. ज्वारीत पाय रुतले. मूठ भरून त्यानं दातांखाली दाणा फोडला. कट्ट!

"रेणुके! कोरडी हाय गं! खडखडीत कोरडी!"

वर हशा पिकला. भुजंगाला आणखी बोलायचं होतं. आता तरी खरं म्हण की, असं त्याला म्हणायचं होतं. पण डोकं एकदम जड झालं, गुडघ्यांतलं बळ गेलं, तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना.

पुढचं त्याला मागाहून बन्सीधरनं सांगितलं. वर सगळ्यांना वाटलं, गडी सोंग करतोय. रेणुका वाकून म्हणाली, "पैज जिकली म्हनून रुसून बसलाव का आता? बोला की!" बन्सीधरही हसत होता. तेवढ्यात म्हातारीची नजर ओसरीच्या खुंटीवर गेली. कंदील तिथंच लटकत होता.

"आगं, कंदील तर हितंच हाय! मग सोडलं काय ह्यानं?"

"बॅटरी सोडलीय, आत्याबाई."

"आगं बया!" म्हातारीनं छाती बडवली. "बॅटरी दम घेती का! वढा! वढा त्याला, मेला माझा लेक!"

आत साचलेली कोंदट हवा माणसाला मारते. ती असली, की दिवा विझतो, म्हणून तर दिवा सोडायचा. बॅटरीला काय, ती पाण्यातही जळेल! एवढा मोटारी भरणारा माणूस, पण उजेड म्हणजे दिवा असं धरून चालला आणि फसला.

बन्सीधरनं पाय रोवले, रेणुकेनं दोर धरला, मागं आळीतले गडी लागले. पेवाच्या तोंडाशी भुजंगाचे खांदे अडकले. दोर करकरला, पण तुटला नाही. रेणुकेनं पालथं पडून दोन्ही हात आत घातले आणि त्याला बखोटीला धरून बाहेर काढला.

भुजंगाला शुद्ध आली तेव्हा वर आभाळ होतं, छातीवर रेणुकेचं डोकं होतं, आणि म्हातारी त्याच्या गालांवर चापट्या मारत रडत होती. त्यानं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "ज्वारी चांगली हाय ना?"

"आग लागो तुमच्या ज्वारीला!" रेणुका म्हणाली, आणि तिनं त्याचा हात सोडला नाही.

धुरपताबाईनं कंदिलात गोडं तेल घालून तो सुतळीनं आत सोडायला लावला. पेवाच्या गळ्याखाली गेला, आणि ज्योत कुणीतरी फुंकर मारावी तशी विझली. मग कडुलिंबाचे डहाळे दोराला बांधून गडी आळीपाळीनं आत वर-खाली करत राहिले, आतली हवा ढवळून निघावी म्हणून, आणि पेव उघडंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कंदील थेट ज्वारीपर्यंत गेला आणि तेवत राहिला. भुजंग दोर बांधायला उठला, पण पाय लटलट कापायला लागले. काही केल्या थांबेनात.

रेणुकेनं दोर त्याच्या हातातून घेतला. "मी उतरते."

"न्हाई. तू न्हाई."

"का? पैज माझी हाय. नासली का चांगली, मीच बघनार."

"आगं, तुला काय झालं तर मी काय करू? त्या जात्याला चाटू, का दोराला?" चार माणसांत भुजंग असं कधी बोलला नव्हता. "एवढं समदं जमवलं, ते तुमच्यासाठी. तूच न्हाई म्हनल्यावर जग ऱ्हायलं काय, बुडलं काय!"

रेणुका दोर छातीशी आवळत म्हणाली, "मग नीट धरा की. तुमीच वळलाय न्हवं?"

"आत बोलत ऱ्हा गं बाई," धुरपताबाई म्हणाली. "न्हाई तर गानं म्हन."

रेणुका उतरली. आतून तिचा आवाज यायला लागला, जात्यावर म्हणायची तसली ओवी, दबक्या आवाजात. पाटी भरून वर आली. ज्वारीला जरा उबट वास होता, पण दाणा टणक. बन्सीधरनं ओंजळीत घेऊन हुंगली आणि कधी नव्हं ते चेष्टा न करता म्हणाला, "भुजंग्या, तुझ्या मायेनं जिकलं रं." दुसरी पाटी आली. तिसरी भरताना आतला आवाज थांबला.

भुजंगानं दोराला असा हिसका दिला, की आतून किंचाळीच आली.

"आवो! पाटी भरायलेय की! वढताव काय?"

"बोलत का न्हाईस मग?"

"काय बोलू आता?"

"काय बी बोल! शिव्या दे मला. पर बोलत ऱ्हा."

आत थोडा वेळ नुसती ज्वारी सळसळली. मग रेणुकेनं मोकळ्या गळ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओवी उचलली:

"माझ्या गं धन्यानं, अंगणात खणलं पेव,
आत उतरलं ध्यान, वर टांगला माझा जीव."

सगळं अंगण हसलं. धुरपताबाई तोंडाला पदर लावून हसली, बन्सीधर तर दोर धरल्या धरल्या खाली बसला. भुजंगाचे डोळे भरून वाहायला लागले. पुसायला हात मोकळा नव्हता, दोन्ही हातांत दोर होता, म्हणून त्यानं ते तसेच वाहू दिले.