हॉप्सच्या माळ्यावरचा रुमाल

सांगलीत चाळीस वर्षं हळदीची अडत केलेल्या माणसाला किल्ले दाखवून उपयोग नाही, हे माझ्या जावयाने बरोबर ओळखलं. सुहासरावांनी मला जर्मनीतल्या त्यांच्या डार्मश्टाटहून रेल्वेने न्यूर्नबर्गच्या गोस्टेनहोफ भागात आणलं. एकेकाळी इथे हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांच्या) वखारी होत्या.

त्यातल्या एका घराच्या मालकीण, ऐंशीला टेकलेल्या हेल्गाबाई, आम्हाला फुलं वाळवायच्या माळ्यावर घेऊन गेल्या. तिथे त्यांनी माझ्या हातावर एक सुकं फूल ठेवलं. हळकुंड पारखावं तसं मी ते दाताखाली धरलं आणि तोंड कडूजहर झालं. हॉप्स तळहातावर चोळून नुसते हुंगायचे असतात. जित्याची खोड, दुसरं काय! बाई हसल्या, पण तेवढंच.

मग त्यांनी सगळं सांगितलं, सुहासराव मराठीत सांगत गेले. इथले बरेच व्यापारी ज्यू होते. या वखारीचा मालकही ज्यू, आणि बाईंचे आजोबा त्याचे मुनीम. नाझींच्या काळात मालकाला वखार विकणं भाग पडलं, ती मुनीमजींनी घेतली. पुढे मालकाचं कुटुंब छळछावणीत संपलं. एक मुलगी आधीच परदेशी गेली होती, ती वाचली. तिची नात आज चार वाजता हे घर बघायला येणार होती. बाईंनी दारावर लावायला पाटी करून घेतली होती: 'माझ्या आजोबांनी ही वखार रीतसर विकत घेतली.' पण सकाळपासून ती लावायला त्यांचा हात धजत नव्हता.

तुमच्याकडे सौदा कसा होतो, असं त्यांनी मला विचारलं. मी रुमाल काढून त्यांच्या हातावर टाकला आणि खालून बोटं दाबून भाव सांगायची आमची जुनी रीत दाखवली. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा, एवढंही सांगितलं. सुहासरावांनी ते जर्मनमध्ये समजावलं.

बाईंचा हात बराच वेळ रुमालाखाली तसाच राहिला. "आजोबांच्या मालकाला हात काढून घेता आला नसता," त्या म्हणाल्या.

पाटी माळ्यावरच राहिली. आम्ही खाली उतरलो तेव्हा दारात एक तरुण बाई उभी होती. हेल्गाबाईंनी आधी नावही सांगितलं नाही. "तुमच्या पणजोबांना नाही म्हणता येत नव्हतं, तेव्हा माझ्या आजोबांनी हे घर घेतलं," असं म्हणून त्यांनी दार पूर्ण उघडलं.

"आल्झो बाबा, निघू या," सुहासराव हळूच म्हणाले; 'तर मग' म्हणायची त्यांची ही जर्मन सवय.

परतीच्या गाडीत तोंडातला कडवटपणा जाईना. मी बाईंना अर्धीच रीत सांगितली होती. रुमालाखाली एक हात माझ्यासारख्या अडत्याचा असायचा, दुसरा खरेदीदाराचा. ज्याची हळद, तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमालाकडे बघत असायचा.