उतारावरचा ट्रॅक्टर आणि चाचांचं पाणी

अंबाजोगाईत ज्या चाचांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, त्यांच्यामुळे मी आज धडधाकट आहे. हे आधीच लिहून टाकतो. पुढे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष साहेब येतील, साहेबांचा पुतण्या येईल, प्राचार्य येतील, आणि मोठी माणसं आली की चाचांसारखा माणूस मागे ढकलला जातो. आमच्या संस्थेच्या कार्यक्रमात आभार मानतानाही असंच होतं. मंडपवाल्याचं नाव घेतात, हार आणणाऱ्याचं घेतात, आणि खऱ्या राबणाऱ्याची पाळी यायच्या आत राष्ट्रगीत सुरू होतं.

मी भंडाऱ्याकडचा. आठवीत शाळा सोडली आणि पोटासाठी पुन्हा शाळेतच येऊन पडलो, तेही इतक्या लांब. संस्थेने राहायला खोली दिली, बायकोला स्वयंपाकघरात काम दिलं. त्यांचे उपकार आहेतच. उपकार असले की माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही, एवढीच अडचण.

संस्था डोंगराच्या पायथ्याशी आहे. समोरच्या उतारावर संस्थेचं नाव दगडांत रचून चुन्याने रंगवलंय. एकेक अक्षर बैलगाडीएवढं, एसटीतून जाणाऱ्यालाही वाचता यावं म्हणून. पावसाळ्यात कुसळीचं गवत कमरेएवढं वाढायचं आणि नाव त्यात बुडून जायचं. मग गावातल्या बाया विळे घेऊन यायच्या, गवत कापायच्या आणि भारे बांधून आपल्या म्हशींना न्यायच्या. नाव वर यायचं, म्हशीही खूश. पण साहेबांनी कुठल्याशा पुढाऱ्याच्या फार्महाऊसवर छोट्या ट्रॅक्टरने गवत कापताना पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्यांना विळा बघवेना.

ट्रॅक्टर मी चालवायचा असं ठरलं. नोकरी मागताना मीच बोलून बसलो होतो, की गावाकडे धानाच्या बांधीत ट्रॅक्टर चालवलाय. पण धानाच्या बांधीत पाणी उभं राहतं, म्हणजे जमीन किती सपाट ते समजा. चढउताराला मी सायकलवरूनही खाली उतरतो. ट्रॅक्टर उलटला तर खाली मी असणार, हे मला आठवी नापास असूनही समजत होतं. ते संस्थेत दुसऱ्या कुणाला समजल्याचं दिसेना.

ट्रॅक्टर निवडायला समिती गेली. प्राचार्य सर, साहेबांचा पुतण्या, ज्याला सगळे भैया म्हणतात तो, आणि मागच्या सीटवर पेढ्यांचा पुडा धरून मी. शोरूममध्ये सरांनी माहितीपत्रक मोठ्याने वाचून काढलं. भैयाने मात्र खिशातून सुतळी काढली. सुतळीला एक गाठ होती. तो प्रत्येक ट्रॅक्टरच्या चाकांना सुतळी लावून रुंदी मोजत होता. मला भरून आलं. म्हटलं, बघा, माझ्या जिवाची किती काळजी!

एक ट्रॅक्टर ठेंगणा होता, चारही चाकं ओढणारा, मागची चाकं ऐसपैस पसरलेली. मी त्याच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो. भैयाची सुतळी तिथे तोकडी पडली. "हे न्हाई बसत," तो म्हणाला. कशात बसत नाही ते बोलला नाही. शेवटी गाठीत बरोबर बसला तो सगळ्यांत अरुंद ट्रॅक्टर. ती गाठ म्हणजे भैयाच्या मोसंबीच्या बागेतल्या दोन ओळींमधली मोकळी जागा होती, हे मला पुढे कळलं.

मी धीर करून विक्रेत्याला विचारलं, "उतारावर उलटणार तर नाही ना?"

"उलटायला ट्रॅक्टर म्हंजे काय भाकर हाय का?" तो म्हणाला. समिती खूप हसली. मग पेढे वाटले.

ट्रॅक्टर संस्थेत आला आणि त्याचा शृंगार सुरू झाला. ट्रॅक्टर उलटला तर ड्रायव्हर चिरडू नये म्हणून सीटमागे लोखंडी कमान असते. भैयाने तिच्यावर उंच हूड बसवला, हुडावर दोन मोठे स्पीकर, पुढे चकचकीत नळ्यांचा मुकुट. आपल्याकडे उसाच्या ट्रॅक्टरला असतं तसं सगळं. फक्त उसाचा ट्रॅक्टर रस्त्याने जातो आणि हा डोंगरावर जाणार होता. मी एकदा गुपचूप पायथ्याला थोडा तिरका चढवून पाहिला. वरच्या अंगाचं चाक हलकं झालं, जमिनीला नुसतं शिवून चाललं. मी देवाचं नाव घेत मागे आणला आणि ऑइल बदलायचं निमित्त करून थेट चाचांचं गॅरेज गाठलं.

चाचांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. "कावून बे, हे ट्रॅक्टर हाय का नवरदेवाचं घोडं?"

"गवत कापायचंय चाचा. डोंगरावर."

"कोण कापणार?"

"मीच."

"घरी सांगून आलास का?" ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून जरा नरमले. "हे बघ, फोटूला उभं केल्यावाणी पाय जोडून उभं हाय. पैलवान असा उभा राहतो का? पाय फाकवून, खाली बसून राहतो. डोक्यावर एवढं वझं घेऊन तर राहतच न्हाई."

चाचा स्वभावाने गरीब नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. बीडपासून लातूरपर्यंत माझ्यासारखा मिस्त्री नाही, असं ते दिवसातून तीनदा सांगतात. त्यांनी मागची चाकं काढली आणि डावं उजवीकडे, उजवं डावीकडे लावलं. मधल्या लोखंडी थाळ्या उलट्या झाल्या आणि चाकं दोन्ही अंगांनी वीतभर बाहेर आली. हूड आणि स्पीकर उतरवले, कमान ठेवली. चढावर तोंड उचलू नये म्हणून पुढे भंगारातल्या जाड पट्ट्या बोल्टने आवळल्या. भैयाचा फोन आला तेव्हा चाचा म्हणाले, "भैया, पावसाचे दिवस हायत. स्पीकर भिजून जातील. लग्नसराईत बसवू की परत." भैयाला पटलं. माझा जीव भिजेल असं म्हटलं असतं तर पटलं नसतं.

राहिलं पाणी. मागच्या टायरांत पाणी भरलं की वजन खाली राहतं. पण पाणी आणायचं कुठून? भैया फोनवर म्हणाला, "संस्थेच्या बोअरचं पाणी कारंज्याला हाय. त्याला हात लावायचा न्हाई." आणि चाचांच्या गल्लीत नळ आठवड्याने यायचा. चाचांनी घरातला भरलेला ड्रम हातगाड्यावर घालून आणला. मागून दारातून चाचींचा आवाज आला, "इन्सानां को पानी नै, अन् ये टायरां को पिला रैं!"

सकाळी बघतो तर ट्रॅक्टर थारोळ्यात उभा. येणारे-जाणारे विचारायला लागले, "चाचा, ट्रॅक्टरला रात्री कुणी उठवलं न्हाई का?" चाचा म्हणाले वॉल्व कंपनीचाच खराब आहे. वॉल्वमध्ये बसवायची पिन त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होती, पण मी कशाला बोलू? त्यांनी घरातला दुसरा ड्रमही आणला. तो शेवटचा होता. या वेळी चाचींचा आवाजसुद्धा आला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

पाणी भरताना चाचांनी विचारलं, "तुझ्या गावात नळ किती दिवसांनी येतो बे?"

"गावाला तलाव आहे चाचा. पलीकडचा काठ धूसर दिसतो."

"अन् टँकर?"

"टँकर नाही येत."

"झूट बोलतो," चाचा म्हणाले. पण टायर भरेपर्यंत तलावाचंच विचारत राहिले. मासे कोणते, म्हशी पोहतात का, नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला पायऱ्या आहेत का.

मुहूर्ताला मीच चाचांना बोलावलं. ट्रॅक्टरला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मी पट्टा बांधून बसलो आणि साहेब डाव्या मडगार्डवर येऊन बसले. मग भैया उजव्या मडगार्डवर. सर मागच्या दांड्यावर, आणि उरलेल्या जागेत दोन कार्यकर्ते, एक हार धरून आणि एक नुसताच. आपल्याकडे नवा ट्रॅक्टर निघाला की मोकळं राहणं अपशकुनाचं मानतात की काय कोण जाणे. "चल, घे वर!" साहेब म्हणाले. फोटोवाला तयार होता. एवढी माणसं मागे बसली तर पुढची चाकं उचलणार, आणि हे मी माझ्या अन्नदात्याला कोणत्या तोंडाने सांगू?

तेवढ्यात चाचा पुढे आले. टोपी सारखी करून एकदम अदबीने म्हणाले, "साहेब, एक बोलू का? ट्रॅक्टर वर जाणार, तसं खालीही येणार. निवडणुका तोंडावर हायत. साहेब डोंगरावरून खाली चाललेत असा फोटू कुणी काढला अन् मोबाइलवर फिरवला तर?"

साहेबांनी डोंगराकडे बघितलं आणि ते उडी मारून उतरले. त्यांच्या मागोमाग सगळी समिती उतरली, जणू मडगार्ड तापलं होतं. भैयाने मात्र चाचांकडे असं बघितलं, की मी मान खाली घातली.

मी सरळ वर निघालो. चाचांची ताकीद होती: सरळ वर, सरळ खाली, आडवं कधीच नाही. अर्ध्या उतारावर उजवं चाक कशावर तरी चढलं. गवतात बुडालेलं संस्थेचं नाव! नावातली वेलांटी. शाळेत याच वेलांटीने मला मार खायला लावला होता, आणि आता ती उरलेलं काम पुरं करायला निघाली होती. ट्रॅक्टर डावीकडे कलला, कलतच गेला. आता गेलो, असं वाटलं तिथे तो थांबला. डावं चाक बाहेर रोवून, पोटात पाणी धरून, पैलवानासारखा उभा.

खालून टाळ्या पडल्या. "बघा आमचा ड्रायव्हर!" साहेब म्हणत होते. त्यांना तो खेळ वाटला. चाचा एकटेच टाळ्या न वाजवता धावत वर येत होते, एका पायात चप्पल, एक कुठेतरी खाली राहिलेली. "फिरवू नको बे! क्लच दाबून घरंगळू देऊ नको! गिअरात ठेव, सरळ मागं घे, सरळ!" मी घेतला. खाली आल्यावर माझा पट्टाही चाचांनीच सोडला.

पुढचं थोडक्यात. नावाभोवतीचं गवत आता यंत्राला सहकार्य म्हणून बाया विळ्याने कापतात. पायथ्याची पट्टी मी ट्रॅक्टरने कापतो. उरलेलं वर्षभर ट्रॅक्टर मोसंबीच्या बागेत असतो, चाकं आत घेऊन. आणि संस्थेच्या बस दुरुस्तीला, धुवायला चाचांकडे जायच्या, त्या बंद झाल्या. भैया म्हणाला, "लई शहाणा मिस्त्री हाय." मी कानकोंडा होऊन चाचांकडे गेलो, तर ते म्हणाले, "जाऊ दे बे. बस धुवायला पाणी तरी कुठं हाय माझ्याकडं?"

चाचा, हे तुम्ही वाचणार नाही, कुणीतरी वाचून दाखवील. मी बढाया मारणारा माणूस नाही, घाबरणारा आहे. पण एवढं नक्की सांगतो. एक दिवस तुम्हाला आणि चाचींना मी माझ्या गावी नेणार. तलावाच्या बांधावर, पाळीवर बसवणार, भात आणि तलावातलेच मासे वाढणार. तुमच्या घरातले दोन ड्रम मला फेडायचे आहेत. पायऱ्या आहेत, चाचा. खाली पाण्यापर्यंत जातात. हवं तेवढं घ्या, आणि चाचींना सांगा, मोजू नका.