तिसरी हाक

आमच्या गावात तिन्हीसांजेनंतर कोणी बाहेरून हाक मारली तर लगेच ओ देत नाहीत. एक हाक झाली, गप्प बसायचं. दुसरी झाली, तरी गप्प. तिसरी आली की मग म्हणायचं, ओ, कोण ते? मेलेल्या माणसाला एकदाच हाक मारता येते. तीनदा मारायला छातीत श्वास लागतो. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो आणि मग हातात रंधा घेतला, तेव्हा पुस्तकातलं मला फारसं विचारू नका. पण हा नियम मी अजून मोडलेला नव्हता. लोक हसतात. हसू देत.

कुवेतमधल्या फरवानियाच्या खोलीत माझा पार्टनर होता, रत्नागिरीकडचा मुसलमान. त्याचा बाप मचव्यावर तांडेल, म्हणून मी यालाही तांडेलच म्हणायचो. स्वतः तो मटणाच्या दुकानात कामाला. त्याच्या गावातही हाकेचा हाच नियम. त्यामुळे कामावरून आला की इमारतीखालून एका दमात तीन हाका घालायचा, "मेस्त्री! ओ मेस्त्री! अरे मेस्त्री!" मग पिशव्या उचलायला मी खाली जायचो. इमारत सांभाळणारा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, हारिस वैतागायचा, एकदा बोलावून भागत नाही का म्हणायचा.

"एकदाच बोलावलं तर हा मला मेला समजेल," तांडेल त्याला सांगायचा, आणि दोघं हसायचे.

तांडेलला एकच वेड, ऑस्ट्रेलिया. दुकानात मेंढरं तिकडची यायची. तरुणपणी बंदरात बोटीवरून ती उतरवण्याचंही काम त्याने केलेलं. "मेस्त्री, जन्मभर मी तिकडची मेंढरं कापली," तो म्हणायचा. "एकदा जाऊन बघू या, तिथं काय शिल्लक ठेवलीत की नाय." माझी मुलगी मेलबर्नला असते. ती या म्हणाली की मी सांगायचो, आम्ही दोघं येऊ. तिला वाटायचं, बाबा टाळतायत.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला तांडेल गेला. दुकानातच छातीत कळ आली. घरची माणसं वेळेत पोचणार नव्हती, म्हणून इथेच, सुलैबिखातच्या कब्रस्तानात त्याला माती दिली. तिथे प्रत्येकजण तीन मुठी माती टाकतो. मीही टाकल्या. मी हिंदू म्हणून कोणी अडवलं नाही, आणि अडवलं असतं तर मी ऐकलं नसतं. त्याच्या खाटेच्या दांडीला मेंढराच्या कानातला एक पिवळा प्लास्टिकचा बिल्ला टांगलेला असायचा, बोटीवरच्या दिवसांपासूनचा. तो काढून मी खिशात घातला आणि मुलीला फोन केला, "तिकीट काढ. एकाचंच."

कुवेतच्या भट्टीतून निघालो आणि मेलबर्नच्या थंडीत उतरलो. मुलीने विमानतळावरच अंगावर लोकरीचा कोट चढवला. तांडेल असता तर म्हणाला असता, घे, शेवटी मेंढरूच तुझ्या पाठीवर बसलं.

शहर बघण्यासारखं आहे, खोटं का बोला. रस्त्याच्या मधून ट्राम जातात आणि एका डब्यात सगळी दुनिया बसलेली असते. गल्ल्यांच्या भिंतींवर चित्रं, त्या चित्रांवर पुन्हा चित्रं. नदीकाठी माणसं उगाच उभी राहतात, काम नसताना. मी आयुष्यात काम नसताना कुठे उभा राहिलो नव्हतो. राहिलो. पण मुलीला बोट करून काही दाखवायला गेलो की डाव्या बाजूला बघायचो. तांडेल चालायचा तो माझ्या डाव्या बाजूने.

एक दिवस ती मला मोठ्या वाचनालयात घेऊन गेली. "मला इथे कशाला आणलंस? मी काय वाचणार?"

"वाचायला नाही, बघायला आणलंय. बाबा, जरा हळू बोला."

आठ कोनांचा दांडगा दिवाणखाना, वर घुमट, आणि मधल्या जागेपासून चाकाच्या आऱ्यांसारखी पसरत गेलेली जुन्या लाकडाची टेबलं. एवढी पोरं माना खाली घालून बसलेली, पण कागद उलटल्याचा तेवढा आवाज. मी एका टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. तेवढ्यात वरून, घुमटाच्या पोटातून यावी तशी हाक आली.

"मेस्त्री!"

मी हात काढून घेतला. एकाही पोराने मान वर केली नाही. मुलगी फोटो काढत होती. मी ओ दिली नाही. एकच हाक होती.

दुसरी आली ती शहराच्या उत्तरेकडच्या वस्तीत. तिथे अरबांची दुकानं आहेत. झातरचा मसाला लावलेल्या रोटीचा वास आला आणि मला वाटलं, फरवानियात आलो. लेबनानी बेकरीवाल्याला मी आपल्या बाजारातल्या अरबीत विचारलं, "शलोनक?" म्हणजे, कसा आहेस? तो खदखदून हसला. म्हणाला, हिंदुस्तानी माणसाच्या तोंडून इतकी कुवेती अरबी मी इथे कधी ऐकली नाही. मीही हसलो. बाहेर आलो तेव्हा दिवस कलत होता. हातातल्या रोटीचा मी सवयीने अर्धा तुकडा मोडला, डावीकडे धरला, आणि मागून हाक आली, "मेस्त्री!" अगदी त्याचाच तो मटणाच्या दुकानात ओरडून बसलेला, खरखरीत आवाज.

मी हात तसाच धरून ठेवला. रस्त्यावर माणसं येत-जात होती. तो तुकडा घ्यायला कोणी पुढे आलं नाही. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि घरी आल्यावर तिने माझ्याकडून सगळं वदवून घेतलं.

"बाबा, आपण कान दाखवून घेऊ."

"माझे कान ठणठणीत आहेत."

"मग तो मेलेला माणूस इथे ट्रामने फिरतोय?"

"त्याला कसलं तिकीट लागतंय!"

ती हसली नाही. "तुम्ही परत जायचं नाही. त्या खोलीत रिकाम्या खाटेकडे बघत बसाल. तिकडे राहायचा तुमचा परवाना, तो इकामा, आज आहे, उद्या नसेल. कागदांचं मी बघते. इथे राहा."

तेव्हा माझ्यातला हट्टी माणूस बोलला. "दोन हाका झाल्या. तिसरी इथे आली तर समजेन, तो माझ्याबरोबर इथवर पोचलाय. मग राहतो. नाही आली तर तो तिकडे वाळूत एकटा आहे. मग मी जाणार."

"वेगवेगळ्या दिवशीच्या हाका मोजतात का?"

"मी मोजतो."

त्यानंतर मी शहर बघितलं नाही, ऐकलं. ट्रामची घंटा, नदीवरचे पक्षी, दुसऱ्यांच्या भाषा. कोणी मोठ्याने बोललं की मान वळायची. मुलगी शेजारून चालायची आणि तिचं तोंड दिवसेंदिवस लहान होत चाललेलं मला दिसत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी ती मला जुन्या मोठ्या बाजारात घेऊन गेली. चालता चालता सांगून गेली की बाजाराच्या काही भागाखाली शहरातलं पहिलं कब्रस्तान आहे, कितीतरी माणसं अजून खालीच आहेत. मी पाय जपून टाकू लागलो. वर भाजी, चीज, फुलं, गिऱ्हाइकांची गडबड, आणि खाली ती माणसं. तिथून आम्ही मटणाच्या बाजूला गेलो. आकड्यांना मेंढरं टांगलेली. खाटीक ओरडून ओरडून भाव सांगत होते. तांडेलला जे बघायचं होतं ते हेच. मी खिशातला बिल्ला मुठीत धरला आणि मनात म्हटलं, आता हाक नाही मारलीस तर मग कधी?

"मेस्त्री!"

मागून. जाड, खरखरीत.

"ओ!" मी एवढ्या जोराने म्हटलं की खाटीक थांबला. वळून बघतो तर माझी मुलगी. हात अजून तोंडाशी तसाच, आवाज जाड करताना धरलेला. जन्मात तिने मला मेस्त्री म्हटलेलं नाही.

"ही खोटी हाक आहे," मी म्हटलं.

"खोटी कशी?" तिचे डोळे भरले होते. "जिवंत माणसाने मारलीय. तुम्ही ओ दिलीत, बाबा. मीच काय, सगळ्या बाजाराने ऐकली."

खाटकाला काय समजलं देव जाणे, त्याने मान हलवली. दिलेला शब्द मी आजवर फिरवलेला नाही. सुतारकामातही नाही, घरातही नाही.

"राहतो," मी म्हटलं. "पण आधी एकदा जाऊन यायचंय. खोली सोडायची आहे. त्याला सांगितल्याशिवाय नाही राहणार."

"आणि तिकडेच बसलात तर?"

मी पिवळा बिल्ला तिच्या हातावर ठेवला. "हा इथे आहे तोवर मी तिकडे बसणार नाही. जप गो बाय, हरवू नको."

परत आलो. तांडेलच्या खाटेवर आता आंध्रचा एक प्लंबर झोपतो. सरळ माणूस, घोरतो. हारिसने मला मिठी मारली. म्हणाला, तुझा मित्र गेल्यापासून ही इमारत मुकी झालीय.

काल दुपारी बस पकडून सुलैबिखातला गेलो. धूळ होती. कबरी सगळ्या सारख्या, जमिनीलगत, ठेंगणे दगड. त्याची शोधायला वेळ लागला. उभं राहून सगळं सांगितलं. घुमट, झातरची रोटी, आकड्यांवरची मेंढरं. "शिल्लक आहेत रे, भरपूर आहेत," म्हटलं. मुलीने फसवून हाक मारली तेही सांगितलं, त्याला ते आवडलं असतं. मग त्याला हाका मारल्या. "तांडेल! ओ तांडेल! अरे तांडेल!" तीनही मारल्या, म्हणजे त्याला कळावं की हाक मारणारा जिवंत आहे.

धूळ तेवढी सरकली. मी वळलो आणि फाटकाकडे चालू लागलो. दहा-बारा कबरी मागे टाकल्या असतील.

"मेस्त्री!"

एकच. पाठीमागून. दुसरी येणार नव्हती, हे मला माहीत होतं.

जन्मात पहिल्यांदा मी एका हाकेला ओ दिली. मागे वळून मात्र बघितलं नाही. चालता चालताच म्हटलं, "ओ. मी निघालो. यायचं तर चल माझ्या डाव्या बाजूने."

आज बॅग भरतोय. लोकरीचा कोट वर ठेवलाय, उतरल्यावर लागेल.